प्लॅबची प्रश्नपेढी, केळापूर तालुक्यातून: अठरा महिने वापरून

जून २०२४ मध्ये मी ही ऑनलाइन प्रश्नपेढी बारा महिन्यांसाठी घेतली, पुढे सहा महिने वाढवून घेतली. गेल्या आठवड्यात मुदत संपली. नाव मुद्दाम लिहीत नाही. इंग्लंडात डॉक्टरकी करण्यासाठी प्लॅब देणाऱ्यांना अशा तीन-चार पेढ्या माहीत असतात, आणि दोन मैत्रिणींच्या वेगळ्या पेढ्या चाळून पाहिल्यावर मला त्यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं फार सापडलं नाही.

मी कुठून वापरली हे आधी सांगायला हवं, कारण अर्ध्या तक्रारी त्यातूनच आल्यात. नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस, मग बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष केळापूर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि त्यानंतर तिथेच अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. क्वार्टरमध्ये मोबाइलला रेंज नाही. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसलं की दोन काड्या येतात. पहिले दोन महिने मी प्रश्न सोडवले ते त्या जिन्यावर, अंगाला ओडोमॉस चोपडून.

जाहिरातीत लिहिलं होतं की ॲप नेटशिवाय चालतं. चालतं, पण प्रश्नांचा मजकूरच तेवढा उतरतो. ईसीजी, एक्स-रे, कातडीवरचे चट्टे यांच्या जागी राखाडी चौकोन. 'खालील ईसीजी पाहा' आणि खाली काहीच नाही! त्याहून वाईट म्हणजे मॉक टेस्ट सुरू असताना रेंज गेली तर घड्याळ चालूच राहतं आणि उरलेले प्रश्न चुकले म्हणून धरले जातात. मदत कक्षाला चार मेल टाकल्या. चारही वेळा ब्राउझर बदलून पाहा, एवढंच उत्तर. जिन्याची पायरी बदलून पाहिली, तिचा जास्त उपयोग झाला.

आता प्रश्नांबद्दल. प्लॅबचा पहिला भाग, पार्ट वन, म्हणजे तीन तासांत १८० प्रश्न, एका प्रश्नाला एक मिनिट. त्या वेगाची सवय लावायला ही पेढी उत्तम आहे, यात वाद नाही. उत्तराखालचं स्पष्टीकरणही नीट लिहिलेलं असतं. पण सुरुवातीला माझे प्रश्न चुकायचे ते ज्ञान कमी म्हणून नाही, तर औषधांच्या कपाटामुळे. आमच्याकडे बीपीच्या पेशंटला आधी ॲम्लोडिपीन, मग टेल्मीसार्टन, असा ठरलेला क्रम. तिकडे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाईस या संस्थेच्या मार्गदर्शनात पंचावन्नच्या आतला गोरा पेशंट आला की सुरुवात रामिप्रिलसारख्या गोळीने. ५२ वर्षांचा पेशंट दिसला की माझं बोट आपोआप ॲम्लोडिपीनवर. महिनाभर हा एकच गुण मी रोज घालवला.

विषबाधेच्या धड्यात पॅरासिटामॉलचा मोठा भरणा आहे. गोळ्या घेतल्यापासून चार तासांनी रक्त घ्या, आलेखावर बिंदू मांडा, रेषेच्या वर गेला तर ॲसिटिलसिस्टीनचा उतारा. झोपेत विचारलं तरी सांगेन. पण आमच्या ओपीडीत सप्टेंबर-ऑक्टोबरला येतो तो कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस: बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला मोनोसिलचा वास. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. ॲट्रोपीन किती आणि कुठपर्यंत द्यायचं हे मी ज्या वॉर्डात शिकले, त्या वॉर्डातल्या आजारावर पेढीत मोजून तीन प्रश्न. सापाचंही तसंच. तिकडे विषारी साप एकच, ॲडर. आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि रक्त गोठतं का ते पाहायला वीस मिनिटं उभी ठेवलेली काचेची नळी. हा पेढीचा दोष नाही. ज्या देशाची परीक्षा, त्या देशाचे आजार. मला राग आला तो चट्ट्यांच्या फोटोंचा. शंभरातले नव्वद फोटो गोऱ्या कातडीवरचे. लाल चट्टा काळ्या-सावळ्या अंगावर लाल दिसत नाही, हे त्या कंपनीला कुणीतरी सांगायला हवं. इंग्लंडातही सगळे पेशंट गोरे नसतात.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा भाग मात्र अप्रतिम आहे. आमच्याकडे कोलाम, गोंड पाड्यांवर सोल्युबिलिटी टेस्टच्या किट घेऊन आम्ही वर्षभर फिरतो, त्यामुळे मला वाटलं होतं यात काय नवीन असणार. वेदनेचा झटका आलेल्या पेशंटला दुखणं थांबवायचं औषध किती लवकर मिळायला हवं, हे त्यात इतकं ठासून सांगितलंय की आता माझ्याकडे तसं पोर आलं की केसपेपर नंतर आणि इंजेक्शन आधी.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी पेढीत वेगळा विभाग आहे, तो घेऊ नका. एकूण साडेसात आणि चारही भागांत किमान सात, तेही एकाच बैठकीत, अशी जीएमसीची अट आहे. मला नागपूरला पहिल्यांदा रायटिंगमध्ये साडेसहा पडले आणि सगळंच पुन्हा द्यावं लागलं. (जीएमसी म्हणजे इथे जनरल मेडिकल कौन्सिल, तिकडे डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था; गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज नव्हे. बाबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "जीएमसी म्हंजे आपलं मेडिकलच ना बाई, तिथलंच सर्टिफिकेट पुन्हा कायले पायजे?")

पार्ट वनला पांढरकवड्याहून रात्रीची गाडी धरून आदिलाबादवरून हैदराबाद. पास झाले. इथवरच्या वापराला मी पाचपैकी चार देते.

पार्ट टूसाठी हीच कंपनी 'सराव जोडीदार' नावाची सोय विकते. व्हिडिओवर कुणीतरी अनोळखी उमेदवार पेशंट होतो, आपण डॉक्टर व्हायचं. परीक्षा मँचेस्टरला असते: सोळा प्रसंग, प्रत्येकाला आठ मिनिटं, आत जाण्याआधी दाराबाहेर दीड मिनिट वाचायला. माझ्या रेंजवर जोडीदाराचा चेहरा पहिल्या मिनिटाला गोठायचा. तीन आठवड्यांनी मी तो नाद सोडला आणि रात्रपाळीच्या सिस्टरला विचारलं, तुम्ही पेशंट व्हाल का.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगनारी होऊ का खोटं?"

मी म्हटलं, तुम्हाला जमेल तशी.

लेबर रूममध्ये कुणी नसलं की आम्ही मोबाइलवर आठ मिनिटं लावायचो. मी इंग्रजीत विचारायचे, मग तेच मराठीत, आणि सिस्टर वऱ्हाडीत उत्तर द्यायच्या. दारूचा इतिहास विचारायचा सराव होता त्या दिवशी सिस्टर पुरुष झाल्या.

"दारू घेता का?"

"नाई बा. पोळ्याले घेतो थोडीशी."

"पोळा तर वर्षातून एकदा येतो."

"आमच्या घरी दर शनवारी येते."

आठवड्याला किती युनिट (तिकडे दारू मोजायचं माप) हे काढायला मला सहा मिनिटं लागली. सिस्टर एकदाही सरळ बोलल्या नाहीत, आणि खरे पेशंट तरी कुठे बोलतात? पेढीच्या नमुना संवादात पेशंट कसा, तुम्ही विचारा आणि तो रांगेत उत्तरं देणार.

त्या संवादांत एक गोष्ट मात्र सतत येते. पेशंटला स्वतःला काय वाटतं, कशाची काळजी आहे, आपल्याकडून काय हवंय, हे तीन प्रश्न विचारायचेच. मला हे नाटकी वाटायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे पेशंटांच्या ओपीडीत कोण विचारतं? तरी सवय लागावी म्हणून मी विचारायला लागले. पहिला अनुभव फजितीचा. फिट आलेल्या एका तरुण शेतकऱ्याला म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल? तो बायकोकडे पाहून म्हणाला, "डाक्टर ह्या हायेत का मी?" त्यालाच मी पुढे सांगितलं की इतक्यात ट्रॅक्टर चालवायचा नाही. इंग्लंडात फिट आल्यावर गाडी सोडायची आणि लायसन्सवाल्या खात्याला कळवायचं, हे मी आदल्याच रात्री पाठ केलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, "मंग वखरन तुमी करता का?" याचं उत्तर पेढीत नव्हतं.

पण दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारी आली, डोकं दुखतं म्हणून. तिच्या जुन्या कागदावर सहा भेटी होत्या, सहाही वेळा पॅरासिटामॉल, त्यातल्या चारांवर माझीच सही. बीपी नॉर्मल. मी सहज विचारलं, आजी, तुम्हाला कशाची भीती वाटते? ती बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, "माह्या घरधन्याचंबी असंच डोकं दुखे. मंग एक दिवस लकवा मारला." बीपीचं मशीन मी पुन्हा लावलं आणि आकडा तिला वाचून दाखवला, घरधन्याचं बीपी कधी मोजलं होतं का ते विचारलं. कधीच नव्हतं. त्या दिवशी ती गोळ्या न घेता गेली. डोकेदुखीसाठी पुन्हा आली नाही. तापासाठी आली होती.

मँचेस्टरच्या प्रसंगांबद्दल बाहेर बोलायचं नाही असा परीक्षेचा नियम आहे, म्हणून एवढंच सांगते की मे २०२५ मध्ये तिथल्या एका खोलीत समोरचा नट जसा आडवळणाने बोलायला लागला, तशी मला सिस्टर आठवल्या आणि माझा आवाज स्थिर झाला. पास झाले. आयईएल्टीएसच्या दोन फेऱ्या, दोन्ही परीक्षा (पार्ट टूचीच फी हजार पौंडांच्या आसपास), व्हिजिटर व्हिसा, विमान, तीन आठवडे राहणं, डिग्रीची पडताळणी, असं सगळं धरून साडेचार लाख गेले. गुड स्टँडिंगचं, म्हणजे डॉक्टर म्हणून आपल्यावर काही ठपका नाही याचं, सर्टिफिकेट तीनच महिने चालतं, ते घाईने आधी काढून ठेवू नका. मी ठेवलं आणि दुसऱ्यांदा काढलं. ऑगस्टमध्ये नोंदणी झाली.

आता मोठी तक्रार. कंपनीच्या पहिल्याच पानावर विमानाचं चित्र आहे आणि खाली 'नोंदणी झाली की नोकरी तुमचीच' अशा अर्थाचं वाक्य. हे पूर्वी बऱ्यापैकी खरं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरात सगळ्या डॉक्टरांना व्हिसासाठीच्या टंचाईच्या कामांच्या यादीत टाकलं, आधी स्थानिक उमेदवार शोधण्याची अट गेली आणि बाहेरच्यांचा ओघ वाढला. २०२५ साली तिथे विशेष प्रशिक्षणाच्या साधारण १०,००० जागांना ३०,००० हून जास्त उमेदवार होते, आणि जुलैमध्ये सरकारने आपल्या आरोग्य आराखड्यात तिथेच शिकलेल्यांना प्राधान्य देऊ असं जाहीर केलं. प्रशिक्षणाबाहेरच्या साध्या जागांवरही त्यामुळे गर्दी लोटली. मी दुपारी पाहिलेली जाहिरात संध्याकाळी टाकीवर चढेपर्यंत बंद झालेली असते. अर्ज खूप आले म्हणून मुदतीआधीच बंद करतात. आतापर्यंत १४३ अर्ज केले. बहुतेक नकारांत एकच ओळ: एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, अनुभव नाही. पेढीचं पहिलं पान अजून तसंच आहे. मी तक्रार केली तर त्यांनी मला नोकरीच्या अर्जाचा कोर्स विकायला काढला.

एक मुलाखत मिळाली. इथले रात्रीचे आठ, भारनियमन, म्हणून लेबर रूमच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून, बाजूच्या वाय-फायवाल्याकडून पासवर्ड मागून बसले. प्रश्न सोपा होता: वॉर्डातला पेशंट अचानक खालावला, तुम्ही काय कराल? श्वास, रक्तदाब, सलाइन, सगळं क्रमाने सांगितलं. मग त्यांनी विचारलं, आणि मदतीला कुणाला बोलवाल? माझ्या तोंडून निघून गेलं, एकशे आठला. समोरचे दोघे थांबले. त्यांना रजिस्ट्रार, म्हणजे वॉर्डातला वरचा डॉक्टर, ऐकायचं होतं. दीड वर्ष मी जिथे आहे तिथे माझ्यावर कुणी सीनियर नाही, ॲम्ब्युलन्स आहे आणि यवतमाळ आहे. पाच दिवसांनी नकार आला.

अर्ज चालू आहेत. ऑर्डर मार्चपर्यंत आहे.

घेणाऱ्यांसाठी: पार्ट वनच्या चार महिने आधी घ्या, चारच महिन्यांची घ्या. वर्षाची स्वस्त दिसते, पण पहिले आठ महिने कुणी उघडत नाही. चांगल्या रेंजच्या गावी गेलात की चित्रांचे प्रश्न आधी उरकून घ्या. सराव जोडीदाराचे पैसे भरू नका. मुदत संपल्यावर तुमच्या खुणा आणि टिपणं दिसेनाशी होतात, म्हणून वहीत लिहून ठेवा. माझी वही सिस्टरच्या मुलीकडे आहे, ती यंदा नीटची परीक्षा देतेय.