ध्रुवीय जिवाणूचा जीनोम वाचायचा आहे: इल्युमिना, हायफाय की नॅनोपोर?

अंटार्क्टिकाच्या तळ्यातून किंवा आर्क्टिकच्या गाळातून वेगळा केलेला, थंडीत नीट वाढणारा एकच जिवाणू हाती आहे, असं इथे धरलं आहे. मिश्र नमुन्याचं गणित वेगळं असतं. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायला इल्युमिना, हायफाय आणि नॅनोपोर या तीन तंत्रांपैकी कोणतं घ्यावं, हा प्रश्न आहे.

इल्युमिनाचे रीड (यंत्राने एका वेळी वाचलेले डीएनएचे तुकडे) साधारण 150 ते 300 बेसचे, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचे, आणि फार अचूक. डीएनए थोडा असला, तुटका असला तरी भागतं. एकाच प्रजातीच्या अनेक स्ट्रेन्समधले (उपप्रकारांमधले) बारीक फरक मोजायचे असतील, तर खुशाल हेच घ्या. पण थंडीशी जुळवून घेणाऱ्या जीनोममध्ये महत्त्वाचा मजकूर कधीकधी पुनरावृत्तीच्या भागांत असतो, आणि तिथे आखूड रीड अडतात.

अंटार्क्टिकातल्या एस लेकमध्ये सापडलेला मॅरिनोमोनास प्रिमोरिएन्सिस बर्फाला धरून राहतो तो एका अवाढव्य प्रथिनाच्या जोरावर. त्यात 104 अमिनो आम्लांचा जवळजवळ सारखाच तुकडा सुमारे 120 वेळा येतो. म्हणजे जनुकात 37 हजारांच्या आसपास बेस नुसत्या पुनरावृत्तीचे! आखूड रीडच्या असेंब्लीत (रीड जोडून केलेल्या जीनोमच्या मांडणीत) हे जनुक एकसंध मिळण्याची आशा धरू नये. हायफायचे रीड अचूक असले तरी सहसा 15 ते 20 हजार बेसचे असतात, त्यामुळे एक रीड हा पट्टा पार करत नाही. नॅनोपोरवर डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून (पोअरमधून) सरकवत वाचतात; तिथे डीएनए जितका लांब तितका रीड लांब, म्हणून अशा जनुकासाठी माझा कौल निःसंशय नॅनोपोरला.

नेहमीच्या पुनरावृत्तींना मात्र हायफाय पुरेसं आहे. अंटार्क्टिक समुद्रातल्या स्यूडोअल्टेरोमोनास टीएसी125 मध्ये आरआरएनएचे 9 संच आणि टीआरएनएची 106 जनुकं आहेत (दोन्ही प्रथिनं बनवायला लागणारे आरएनए), म्हणजे अशाच नेहमीच्या पुनरावृत्ती. त्याचा जीनोम 2005 मध्येच प्रसिद्ध झाला होता. तरीही 2019 मध्ये नव्या तंत्रांनी पुन्हा वाचला तेव्हा सुमारे 64 हजार बेसचा एक प्लास्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचा स्वतंत्र डीएनए) नव्याने हाती लागला.

नॅनोपोरची दुखरी बाजू म्हणजे एकच बेस सलग अनेकदा आलेल्या जागा. तिथे एक बेस जरी गळला तरी वाचनचौकट (बेस तीन-तीनच्या गटांनी वाचायची मांडणी) सरकते आणि धडधाकट जनुक मेलेलं दिसतं. ‘थंडीत या जिवाणूने अमुक जनुक गमावलं’ असा निष्कर्ष त्यावर उभा राहिला तर सगळंच चुकतं. नव्या आर10 पोअरमुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. तरी जनुकं गमावल्याचा दावा करायचा असेल, तर जोडीला इल्युमिना घेऊन चुका दुरुस्त कराव्यात. अर्थात लांब पुनरावृत्तीच्या आत ही दुरुस्तीही डळमळीत असते, कारण आखूड रीड नेमका कोणत्या प्रतीतला हे ठरवता येत नाही.

यंत्र ठरवण्याआधी डीएनए पाहा. पुष्कळ ध्रुवीय जिवाणू पेशीभोवती चिकट पॉलिसॅकराइड सोडतात. ते डीएनएसोबत आलं तर नॅनोपोरचे पोअर लवकर बंद पडतात. शिवाय या जिवाणूंचे डीएनए तोडणारे एन्झाइम शून्य अंशाजवळही काम करतात, म्हणून पेशी फोडल्यावर नमुना नुसता बर्फात ठेवून निर्धास्त राहू नये. पल्स्ड-फील्ड जेलवर (डीएनएच्या लांब तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या चाचणीत) बहुतेक तुकडे 10 हजार बेसच्या आतले दिसले, तर नॅनोपोरचा खास फायदा उरलेला नसतो. मग कल्चर पुन्हा वाढवून डीएनए नव्याने काढावा. तेवढा वेळ नसेल तर इल्युमिनावर थांबावं आणि असेंब्ली अपूर्ण असल्याचं स्पष्ट लिहावं.