आधी उंदीर की आधी पिसवा?

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि पाठोपाठ प्लेगचे संशयित रुग्ण दिसले. अशा वेळी पहिला हात जातो उंदरांच्या विषाकडे. झिंक फॉस्फाईड स्वस्त, तालुक्याच्या दुकानात मिळणारं, आणि मेलेला उंदीर डोळ्यांना दिसतो, त्यामुळे समाधानही होतं.

पण उंदीर मेला, अंग गार पडलं, की त्याच्यावरच्या पिसवा उतरून दुसरं गरम अंग शोधतात. घरात ते बऱ्याचदा आपलंच असतं, आणि चावताना पिसवा उंदराकडून आलेले प्लेगचे जंतू आपल्याला देतात. बिळाच्या तोंडाशी कीटकनाशक भुकटी टाकली, तर ती जाता-येता उंदराच्या केसांना लागते आणि पिसवा त्याच्या अंगावरच मरतात. उंदीर जिवंत हिंडतो म्हणून गावकरी वैतागणार, ते साहजिक आहे. तरी ऐन साथीत मी भुकटीच आधी म्हणेन, पिसवा हटल्यावर विष. (पिसवा त्या औषधाला दाद देतात ना, हे मात्र तपासायला हवं.)

साथ नसताना क्रम उलटा. तेव्हा उंदीरच आवरावेत: धान्य झाकावं, बिळं बुजवावीत, सापळे लावावेत. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर फेकणं दोन्ही वेळी घातक.