२२० रुपयांच्या रिलेसाठी २०,५०० मोजले

गाडी तापते म्हणून गॅरेजमध्ये दिली, त्याचं बिल समोर ठेवूनच लिहितोय. हेड गॅसकेट १,८५०, हेड फेसिंग १,५००, वॉटर पंप २,४००, थर्मोस्टॅट ९५०, चार लिटर कूलंट १,४००, ऑइल-फिल्टर २,१००, एसी गॅस १,८००, मजुरी ८,५००. एकूण २०,५००. (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, फेसिंग म्हणजे त्याची खालची बाजू घासून सपाट करणं, कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव.) जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही, वहीचं फाडलेलं पान. आणि चौथ्या दिवशी सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत इंजिनच्या तापमानाचा काटा पुन्हा लालपाशी.

तक्रार काय सांगितली होती? गाडी उभी असली की तापते, पळाली की ठीक. खंबाटकी घाट चढताना काटा अर्ध्यावर, सिग्नलला थांबलं की वर. एवढं ऐकल्यावर आधी फॅनकडे बघायचं असतं. पळत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, उभ्या गाडीत तो ओढायचं काम फॅनचं. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी झडप, बंद अडकला किंवा पंप गेला, तर गाडी घाटात आधी तापेल, हायवेलाही सोडणार नाही. हे मला माहीत होतं. लाज वाटते ती त्याचीच.

तो क्षण अजून डोळ्यांपुढून जात नाही. बॉनेट उघडं, इंजिन चालू, एसी चालू, काटा चढतोय आणि मी आणि मेकॅनिक वाकून आत बघतोय. फॅनची सातही पाती मला मोजता येत होती. फिरत्या फॅनची पाती मोजता येतात का कुठे? तेवढ्यात मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हेड गेलंय. अशीच चालवली तर इंजिन सीझ होईल." झालं. सीझ, म्हणजे इंजिन कायमचं जाम, म्हटल्यावर भल्याभल्यांचं डोकं चालत नाही, आणि चार दिवसांनी दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन गावी निघायचं होतं. शिवाय त्याने कूलंटची रिकामी बाटली दाखवली. ती उकळून बाहेर सांडल्यामुळे रिकामी होती, हेड गेल्यामुळे नव्हे.

एसी सिग्नलला गार करत नाही, हेही मीच सांगितलं होतं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो, त्याच फॅनच्या हवेवर. दोन्ही रोग एकाच फॅनचे. पठ्ठ्याने त्याचे गॅसच्या नावाने वेगळे १,८०० लावले.

शेवटी निदान घरीच झालं, वीस मिनिटांत. एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला हवा. नाही फिरला. फ्यूज पाहिला, शाबूत. मग बॉनेटखालच्या डब्यातला फॅनचा रिले (फॅनला करंट जोडणारा छोटा स्विच) काढून त्या जागी हॉर्नचा लावला. नंबर आणि पिनांची मांडणी तीच असेल तरच हे करायचं. हॉर्न मुका झाला, फॅन भुर्रकन सुटला. जुन्या रिलेचं टोपण उघडलं तर आतले पॉइंट जळून काळे. नवा रिले २२० रुपये.

रिले बदलूनही फॅन हलला नाही, तर कनेक्टर काढून मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. बोटं आणि वायरी पात्यांपासून लांब. फिरली तर मोटर ठीक, दोष वायरिंगमध्ये किंवा टेंपरेचर सेन्सरमध्ये. फिरली नाही तर मोटर गेली. फॅन फिरूनही काटा चढत असेल तर रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधे टॉर्च मारा. तिथे धूळ, किडे आणि पिसांचा नमदा साचलेला असतो. रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. गरम गाडीचं झाकण उघडू नका, अर्धा तास थांबा.

आता हेडचं. नवा रिले लावताना टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडवरच्या झाकणाचे, बोल्ट पाहिले. खोबणीत जुना तेलकट मळ जसाच्या तसा, पान्याची एक खूण नाही. टॅपेट कव्हर न काढता हेड कसं उतरवतात, हे त्याने एकदा करून दाखवावं. बिलात नवे हेड बोल्ट नाहीत, टॅपेट कव्हरचं गॅसकेटही नाही. म्हणजे फेसिंगचे १,५०० कशाचे? हेड गेलंय म्हणणाऱ्याला आधी कूलंटवरची केमिकल टेस्ट करायला लावा: निळं द्रावण पिवळं झालं तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. जुने पार्ट ताब्यात घ्या. मी मागितले तेव्हा "भंगारवाला घेऊन गेला" हे उत्तर मिळालं, आणि मी मान डोलावली.

पोलीस चौकीत गेलो. "ही दिवाणी बाब आहे." बरं, मग दिवाणीवाले कुठे? "वकील बघा." बिलाचं पान हातात घेतलं आणि न वाचताच परत दिलं. हेड उघडलेलंच नाही, बाहेर गाडी उभी आहे, बोल्ट बघा म्हटलं, तर "आम्ही मेकॅनिक आहोत का?" म्हणे. न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही, तर मग काय आहे? ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ४१ दिवसांनी मेसेज आला: समोरच्याकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. प्रतिसाद न देणं हाच सुटायचा मार्ग असेल, तर कोण कशाला देईल! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला-सेवेला फी लागत नाही, ते खरं आहे, पण तिथे कागद लागतो आणि माझ्याकडे शिक्का नसलेलं पान आहे. पक्कं बिल हातात पडल्याशिवाय गाडीची चावी आणि पैसे यांची अदलाबदल करू नका.

टॅपेट कव्हरच्या बोल्टांचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत. दुसऱ्या मेकॅनिककडून, हेड उघडलेलं नाही, असं लेटरहेडवर लिहून घेतलंय. त्याचे त्याने ५०० घेतले, आणि शिक्का मारून पावती दिली.