फोंताईन्हासमध्ये आठ महिने फक्त ३५ एमएम प्राइम

ऑक्टोबरात नोकरीसाठी पणजीला आलो आणि सेकंडहँड ३५ एमएम एफ १.८ प्राइम लेन्स घेतली (प्राइम म्हणजे झूम नसलेली, आणि एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं). माझ्या क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीवर ती साधारण ५२ सारखी पडते, दृश्य आणखी अरुंद. आता जून लागला, जवळजवळ दर रविवारी फोंताईन्हासला, पणजीतल्या रंगीत जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या वस्तीत गेलोय, तर लिहितो.

अख्खं घर फ्रेममध्ये बसवायचं असेल तर ही घेऊच नका. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी कौलांचा कोपरा कापला जातो, पहिल्या महिन्यात मी वैतागून विकायलाच काढली होती. मग कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने १८ एमएमवर, म्हणजे खूप रुंद, काढलेले फोटो बघितले. घर पूर्ण आलं होतं, पण मागे झुकलेलं, आणि खालची अर्धी फ्रेम स्कूटरच स्कूटर.

३५ खरी चालते ती जवळच्या गोष्टींना. दाराशेजारची घराच्या नावाची अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीची रंगवलेली टाइल, निळी-पांढरी, एका कोपऱ्याला तडा गेलेली. जुन्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्याच्या चकत्या असतात, बाहेरून दुधी दिसतात, एफ ४ ला प्रत्येकीवरची रेघ मोजता येते. एफ १.८ ला मात्र खिडक्यांच्या पांढऱ्या काठांवर जांभळी झाक येते, आणि नुसत्या सपाट भिंतीवर ऑटोफोकस आपला शोधत बसतो.

संध्याकाळच्या गोल्डन अवरच्या, म्हणजे मावळतीच्या सोनेरी उन्हाच्या नादाने जाऊ नका. आल्तिनोची टेकडी पश्चिमेला, ऊन लवकर तिच्यामागे जातं. सकाळी सात-साडेसातला ओरेमच्या खाडीकडून कोवळं ऊन येतं ते बघा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग) डेलाइटवर ठेवा, ऑटोवर पिवळी भिंत पार मेल्यासारखी होते. लाल भिंतीला एक्सपोजर थोडं खाली, सेंट सेबॅस्टियनच्या पांढऱ्या चॅपेलला थोडं वर, नाहीतर ते राखाडी येतं. (आतला क्रूस ओल्ड गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातला, त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. कॅमेरा बॅगेत टाकून बघा.)

आणि हो, लोक वैतागलेत, फोटो काढू नका असे बोर्ड आहेत बऱ्याच घरांवर. डिसेंबरात एका आजींनी बाल्कनीतून सुनावलं, "फोटो काडूं नाका!" त्यांच्या पायरीवर एका कपलचं अर्धा तास प्री-वेडिंग चाललेलं आणि मी त्या कपलमागून आजींचीच खिडकी फ्रेममध्ये धरून उभा, काय बोलणार. सॉरी म्हणून निघालो. पुढच्या रविवारी मी नुसतीच मान हलवली, मग दोन-तीन रविवारनंतर त्यांनीच विचारलं कुठला तू, आणि आता खिडकीचा फोटो काढू देतात, पण त्या स्वतः फ्रेममध्ये नकोत.

परवापासून पाऊस धरलाय. लेन्सला वेदर सीलिंग नाही, घरी एअरटाइट डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो, इथली हवा बुरशीला फार आवडते. ऑक्टोबरात शिड्या लावून मारलेल्या रंगावर आता काळे ओघळ यायला लागलेत आणि मला ते कोऱ्या रंगापेक्षा जास्त आवडतायत, त्यामुळे सध्या छत्री मानेत अडकवून एका हाताने चाललंय.