लहान मुलांना घेऊन कॅम्पिंगला जाताय? बुकिंगचे पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

लिहू की नको यात दोन आठवडे गेले. कॅम्पिंगच्या बुकिंगमध्ये आम्ही फसलो, पैसे गेले ते गेले, पण आमच्यासारखंच कोणीतरी लहान पोरं घेऊन त्याच माणसाला ॲडव्हान्स पाठवत असेल हे सारखं डोक्यात येतं, म्हणून लिहितेय. लांबलंय जरा, पण घरात छोटी मुलं असतील तर प्लीज पूर्ण वाचा.

मोठा 6 वर्षांचा, धाकटी 3 ची. धाकटीला गाडी लागते म्हणून लांब कुठे जाता येत नाही, तर ठरवलं की घरापासून तास-दीड तासावर एक रात्र टेंटमध्ये राहायचं, मुलांना तारे दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. नवऱ्याला सोशल मीडियावर एक पेज दिसलं. पाण्याकाठी पिवळे टेंट, दिव्यांच्या माळा, फॅमिली ओन्ली, किड्स सेफ, लहान मुलांची लाइफ जॅकेट, स्वच्छ वॉशरूम, सगळं लिहिलेलं. फोन केला तर माणूस इतका गोड बोलला की बास, म्हणाला ताई मुलांची वयं सांगा, त्याप्रमाणे टेंट काढून ठेवतो. मी तिथेच विरघळले. मग लगेच, या शनिवारचे दोनच टेंट उरलेत, आत्ता अर्धे पैसे टाकले तरच ठेवतो. टाकले. पैसे ज्या नावावर गेले ते नाव पेजचंही नव्हतं आणि त्याने स्वतःचं सांगितलेलंही नव्हतं, विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. आम्ही मान्य केलं.

खरं सांगू का, लांब जायचं असतं तर आम्ही दहा जणांना विचारलं असतं. जवळच तर आहे, नाही आवडलं तर परत येऊ, हेच मनात होतं. आणि जवळ होतं म्हणूनच तर आदल्या रविवारी नवरा एकटा जाऊन जागा बघून येऊ शकला असता, ते दोघांनाही सुचलं नाही.

लोकेशन मागितलं तर 'निघालात की पाठवतो'. निघालो तेव्हा पाठवलं ते चुकीचं, फोन लागेना, लागला की 'तिथेच थांबा दादा, माणूस पाठवतो'. असं करत करत अंधार पडला. बाइकवर एक मुलगा आला, गेटपर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला आधी बाकीचं पेमेंट करा मग आत सोडतो. तेव्हा आमची अवस्था काय असेल विचार करा, धाकटी शू लागली म्हणून रडतेय, मोठा पेंगुळलेला, परत फिरायचं तर अंधारात अनोळखी रस्ता. भरले पैसे. नंतर कळलं की त्या रात्री आलेल्या तिन्ही फॅमिलींना असंच फिरवून अंधारातच आणलं होतं. उजेडात जागा बघितली असती तर कोणी उरलेले पैसे दिले नसते, आणि रडणारं पोर कडेवर असलं की माणूस भांडत बसत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे.

आतला टेंट 'चार जणांचा' होता. यात चार जण म्हणजे खांद्याला खांदा लावून चार, बॅगेला जागा नाही, हे आधी माहीत असू द्या. पण तो नुसता एका कापडाचा, वर घालायचं दुसरं कव्हर नाहीच. रात्रभर आपल्याच श्वासाची वाफ कापडाला लागून आतून थेंब पडत होते, मुलाची झोपायची बॅग ज्या बाजूला टेकली होती ती बाजू पहाटेपर्यंत ओलीचिंब. खाली गादी नाही, फाटकं प्लास्टिक. जमीन अंगातली ऊब ओढून घेते, वर कितीही पांघरलं तरी खालून गारठा लागतोच. टेंट लावलेले अगदी खोलगट भागात पाण्याशेजारी, रात्री थंड हवा उतरून नेमकी अशाच जागी साचते. आणि पाणी टेंटच्या दारापासून वीस पावलांवर, मध्ये कुंपण नाही, दोरी नाही, दिवा नाही. 10 वाजता जनरेटर बंद. टेंटमध्ये मी झोपलेच नाही, हात धाकटीच्या पायावर ठेवून टेंटच्या चेनकडे बघत बसले. एवढी लहान मुलं पाण्यात पडली तर ओरडतही नाहीत, आवाज न होता जातात. लाइफ जॅकेट होती, सगळी मोठ्या माणसांची. मुलाला घालून खांद्यावरच्या पट्ट्या धरून वर उचललं तर जॅकेट थेट कानापर्यंत आलं. पाण्यात असतं तर पोर त्यातून सटकलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलांना थंडी वाजतेय म्हणून तक्रार केली तर तो बाइकवाला मुलगा घमेल्यात पेटते निखारे घेऊन आला आणि म्हणाला आत ठेवा, चेन लावून घ्या, मस्त ऊब राहील. नवऱ्याने त्याला तिथूनच परत पाठवलं. कृपा करून कोणीही असं करू नका. निखारे, शेगडी, गॅस काहीही बंद टेंटमध्ये ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही वास नाही, झोपेतला माणूस उठतच नाही, आणि लहान मुलांचा श्वास जलद असल्याने त्यांना आधी बाधतो. शेजारच्या टेंटमध्ये 8 महिन्यांचं बाळ होतं, त्यांनी घमेलं आत घेतलेलं. नवरा धावत जाऊन सांगून आला, त्या ताईंनी लगेच बाहेर काढलं. पैशांचं दुःख एका बाजूला, ही गोष्ट आठवली की माझे हात अजून थरथरतात. शेवटी पहाटे आम्ही गाडीत जाऊन झोपलो, इंजिन बंद, काचा थोड्या उघड्या.

घरी आल्यावर पैसे परत मागितले. आश्चर्य म्हणजे लगेच हो म्हणाला, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल. माझा अंगठा पिनवर होता! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. भावाने ओरडून थांबवलं म्हणून वाचलो. बँकेला लगेच कळवलं, सायबर पोलिसांकडे तक्रारही केली, चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत.

नंतर शांतपणे बसून तपासलं. फोटो इमेज सर्चमध्ये टाकले तर एका परदेशी कॅम्पच्या साइटवरचे निघाले. रिव्ह्यू सगळे एकाच वेळी, चार-पाच दिवसांत टाकलेले, आणि ते टाकणाऱ्यांनी आयुष्यात दुसरा रिव्ह्यूच लिहिलेला नाही. पाच मिनिटांचं काम होतं हो. आता कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की आधी व्हिडिओ कॉलवर जागा दाखव म्हणायचं, टेंट, संडास आणि पाण्यापर्यंतचं अंतर. 'नेटवर्क नाही' म्हणाला तर सोडून द्यायचं, बुकिंगचे मेसेज पाठवायला नेटवर्क असतंच की त्याला. आणि काहीही झालं तरी उजेड असताना पोचायचं, आतून बघितल्याशिवाय बाकीचे पैसे द्यायचे नाहीत.

ते पेज आता बंद झालंय. पण परवा दुसऱ्या नावाच्या पेजवर तेच फोटो दिसले, तोच पिवळा टेंट, तीच दिव्यांची माळ. मी खाली कमेंट टाकली, दहा मिनिटांत डिलीट करून मला ब्लॉक केलं. नवऱ्याच्या फोनवरून परत बघितलं तर तिथे एका ताईंनी विचारलंय, आमचं बाळ दोन वर्षांचं आहे, चालेल ना? त्यांना नवऱ्याच्या अकाउंटवरून मेसेज केलाय, अजून बघितलेला नाही.