डीबी स्पेक्ट्रम प्लस: सात महिने आणि पाच मुकी बटणं

बाकीचं नंतर. आधी कीबोर्डच्या आतल्या त्या पारदर्शक रिबनबद्दल बोलू, कारण सात महिन्यांतली निम्मी चिडचिड तिच्यापायी झाली.

मशीन म्हणजे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं ब्रिटनच्या सिंक्लेअरच्या परवान्यावर बनवलेला स्पेक्ट्रम प्लस, ऐंशीच्या दशकातला घरगुती कंप्युटर. ४८ के मेमरी, झेड८० प्रोसेसर, सगळं तुम्हाला माहीत आहेच. लहानपणी आमच्या वाड्यात एकाकडे होता, हात लावू द्यायचा नाही. तो राग मनात ठेवून आता नऊ हजार मोजले. विकणाऱ्यानं 'चालू कंडिशन' म्हणत ॲडॅप्टरही दिला. मल्टिमीटर लावला तर व्होल्ट नऊच, पण आतल्या पिनेला प्लस! स्पेक्ट्रमला आत मायनस लागतो. तसाच खुपसला असता तर नऊ हजारांचा धूर. फोन केला तर म्हणतो, "साहेब, तुम्ही लईच खोलात जाता." पुण्यात पासोड्या विठोबाजवळ चाळीस रुपयांत पिन उलटी जोडून घेतली.

तीन महिने मजेत गेले. टीव्हीवर चित्र जरा पुसट, पण चालतं. याचे प्रोग्रॅम कॅसेटवरच्या आवाजातून आत जातात. कॅसेटऐवजी मोबाइलची वायर इअर सॉकेटला, आवाज जवळजवळ पूर्ण, की प्रोग्रॅम आत जातानाचे निळे-पिवळे पट्टे पडद्यावर सुरू.

मग एका रविवारी 'जे' (J) हे बटण दाबलं, ढिम्म. एच, के, एल आणि एंटरही गेलेले. बाकी सगळी अक्षरं-आकडे ठणठणीत! आता प्रोग्रॅम आत घ्यायची 'लोड' ही आज्ञा आहे 'जे'वर, आणि एंटरशिवाय पुढे काही हलत नाही. कीबोर्डच्या तारा आठ बाय पाच अशा विणलेल्या असतात आणि त्या रिबनमधून मशीनपर्यंत जातात; आठांपैकी एक तार तुटली की पाच बटणं एकदम मुकी होतात. उघडून पाहिलं तर रिबनच्या सॉकेटपाशी, जिथे ती वाकते तिथे, केसाएवढी चीर. सोल्डरिंगचा डाग देता येत नाही, प्लास्टिक वितळतं. त्या दिवशी मी इथे लिहून ठेवलं होतं: 'घेऊ नका. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तरच घ्या.'

ते आता मागे घेतो. इंग्लंडहून नवा मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा रिबनसकटचा पातळ पापुद्रा, मागवला (टपाल आणि कस्टम धरून किंमत दुप्पट, बायकोला सांगितलेली नाही). तो येईपर्यंत स्वस्थ बसवेना, म्हणून कात्रीनं रिबनचं टोक चिरेच्या वरून सरळ कापलं, जेमतेम तीन मिलिमीटर, आणि पुन्हा सॉकेटात दाबलं. 'जे' दाबलं. 'लोड' उमटलं!

तेव्हापासून चार महिने तेच चालू आहे. रिबन अजून एकदा कापता येईल एवढी उरली आहे. इंग्लंडचं पाकीट कपाटात आहे, सीलसुद्धा फोडलेलं नाही. जुनं चालतंय तोवर नवं कशाला काढायचं?