महापालिका मुख्यालयाचा हेरिटेज वॉक: मुलांना घेऊन नक्की जा

सीएसएमटीला उतरून इतकी वर्षं ऑफिसला जातेय पण समोरच्या महापालिकेच्या बिल्डिंगमध्ये कधी पाय ठेवला नव्हता, शेवटी परवा रविवारी लेकीला घेऊन हेरिटेज वॉकला गेले. २०२१ पासून सामान्य लोकांसाठी सुरू झालाय हा, वीकेंडला असतो. बाहेर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे तिथे मिनिटभर थांबाच, मुंबईला स्वतःचा कारभार स्वतः करता यावा म्हणून झटलेला माणूस. बिल्डिंग १८९३ ची, आर्किटेक्ट स्टीव्हन्स, म्हणजे समोरचं स्टेशन ज्यांनी बांधलं तेच! आत जिन्यापाशी मान वर करून घुमट बघितला ना, खरंच बोलायला सुचेना, आणि त्या कोरीव दगडी कठड्याला हात लावला तर भर उन्हाळ्यात गारेगार.

पण मला सगळ्यात भिडलं ते सभागृह. २२७ नगरसेवक निवडून येतात, आपल्या गल्लीचं पाणी गटार दवाखाना शाळा सगळं इथे बोललं जातं, आणि मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर कितीतरी महिने इथे निवडून आलेलं कोणीच नव्हतं, प्रशासकच कारभार बघत होते. लेक विचारते, आई मग आपली तक्रार कोण मांडत होतं? मला उत्तर देता आलं नाही गं.

गाईड छान सांगतात, घाई करत नाहीत. चालायचे शूज घाला. माझ्याकडून पाचपैकी पाच.